बॅकस्विंगच्या टोकाला दिलेली ओ

पन्नाशीच्या तोंडावर माझा उजवा खांदा आखडला. माझं काम असं, की दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून पेशंटच्या पोटावरून सोनोग्राफीचा प्रोब फिरवायचा, नाहीतर पडद्यावर लोकांच्या हाडांची आणि मेंदूची चित्रं वाचायची. नवरा हाडांचा डॉक्टर. त्यानं व्यायाम सांगितले, मी ते केले नाहीत, आणि शेवटी एका रविवारी सकाळी तो मला ओढतच आपल्याबरोबर गोल्फला घेऊन गेला.

नगरला लष्कराच्या हद्दीत गोल्फचं मैदान आहे, हे गावातल्या निम्म्या लोकांना माहीतही नसतं. टीव्हीवर दिसतं तसं हिरवंगार तिथं काही नाही. पावसाळा सरला की गवत पिवळं पडतं, संक्रांतीनंतर माती दिसायला लागते. कडेला बाभळी, मधे कडुनिंब, आणि मोर तर कुत्र्यांइतके धीट. मला आवडली ती तिथली शांतता. क्लिनिकमध्ये सतत कुणीतरी कण्हत असतं, कुणाचा तरी फोन वाजत असतो. इथं मारलेल्या बॉलचा आवाज व्हायचा आणि मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही.

शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते, पारनेरकडचे. त्यांची रीत साधी होती. "दांडा आवळू नका मॅडम. सायकलचा ब्रेक धरतो ना, तेवढाच धरा." उभं कसं राहायचं, गुडघे किती सैल सोडायचे, तो दांडा, म्हणजे क्लब, मागे नेताना कंबर आणि खांदे कसे वळवायचे, हे त्यांनी मला महिनाभर बॉल न ठेवता नुसत्या दांड्यावर शिकवलं. क्लब मागे आणि वर नेणं म्हणजे बॅकस्विंग. तो वर पोचला की खाली येताना आधी कंबर वळायची, मग खांदे, आणि हात सगळ्यात शेवटी. एवढ्या सगळ्यात डोकं मात्र जागच्या जागी. नजर बॉलवर.

खांदा मोकळा झाला. पण बॉल काही नीट जाईना. एकतर तो सरपटत पुढे जायचा, नाहीतर उजवीकडे बाभळीत घुसायचा. मी चिडायचे. मला वाटायचं, आपण सांगितलेलं सगळं करतोय.

एका थंडीच्या सकाळी सुभेदार म्हणाले, "मॅडम, आज व्हिडिओ काढू." त्यांनी माझाच मोबाईल माझ्यासमोर एका स्टँडवर लावला आणि मी मारलं. बॉल सरपटला. आम्ही दोघं मोबाईलवर वाकून बघायला लागलो.

पडद्यावर मी क्लब मागे नेला. खांदे वळले, क्लब डोक्याच्या वर गेला, आणि तिथं मी थांबले. मग माझं डोकं उचललं गेलं आणि उजव्या खांद्यावरून पार मागे वळलं. पाठीमागून ओळखीच्या माणसानं हाक मारली की आपण जसं वळतो, अगदी तसं. भुवया किंचित वर गेलेल्या. मग डोकं परत आलं, क्लब खाली आला आणि बॉलच्या माथ्यावर आपटला.

"मागं कोण होतं?" सुभेदारांनी विचारलं.

"कुणी नाही. आणि मी मागे बघितलंच नाही."

त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला.

त्या बॉलवर एक बारीक ओरखडा होता. क्लब वर जाताना, वर असताना, खाली येताना, पूर्ण वेळ मी तो ओरखडा बघत होते. आजही मला तो डोळ्यासमोर दिसतो. आणि पडद्यावरची बाई भलतीकडेच बघत होती. चित्र खोटं बोलत नाही, हे मी पेशंटच्या नातेवाइकांना रोज सांगते. त्या दिवशी ते मला स्वतःला पटवून घेता येईना.

पुढच्या रविवारी सुभेदारांनी उपाय काढला. ते माझ्या उजव्या बाजूला जरा लांब, क्लबच्या वाटेत येणार नाही असे उभे राहिले आणि दुसऱ्या एका क्लबची रबरी मूठ माझ्या कानापासून बोटभर अंतरावर धरली. डोकं हललं तर मला मूठ लागेल, म्हणजे कळेल. मी सावकाश क्लब वर नेला आणि खाली आणला. मला काहीही लागलं नाही.

"बघा, नाही हललं," मी म्हणाले.

सुभेदार आपला हात चोळत होते. "मॅडम, लई जोरात ढकललंत तुम्ही. माझं मनगट वळलं."

गाडीत बसल्यावर मी आरशात बघितलं. कानाच्या पुढे मुठीच्या जाळीचा लालभडक ठसा उमटला होता. तो संध्याकाळपर्यंत टिकला.

मग मी घरी सराव सुरू केला. बेडरूमच्या भिंतीला घडी केलेला टॉवेल लावायचा, त्यावर कपाळ टेकवायचं, हात छातीवर बांधायचे आणि नुसती कंबर आणि खांदे वळवायचे. डोकं टॉवेलवरून सुटता कामा नये. एका सकाळी मी हे करत असताना नवरा बाथरूममधून तोंडात ब्रश धरूनच बाहेर आला.

"काय गं? कुणाला ओ दिलीस?"

"मी? मी कुठं काय बोलले?"

"आत्ता दिलीस की. मला वाटलं दाराशी कुणी आलंय."

टॉवेल खाली पडलेला होता. तो कधी पडला, मला कळलं नव्हतं.

क्लिनिकला जायच्या आधी मी मैदानावरचा तो व्हिडिओ उघडला आणि आवाज पूर्ण वाढवून मोबाईल कानाला लावला. वारा होता. लांबवर टिटवी ओरडत होती. क्लब हवेतून वर गेल्याची बारीक सळसळ. आणि मग, मी थांबले होते बरोबर त्या जागी, "ओ."

आवाज माझाच होता. पण मी अशी ओ कधीच देत नाही. आमच्या घरात कुणी हाक मारली तर "काय" म्हणतात, नाहीतर "आले" म्हणतात. ही ओ लांब ओढलेली होती, दोन वावरं पलीकडे ऐकू जावी अशी.

नवऱ्यानंही ऐकली. तो हसला, म्हणाला, "झोप कमी होतेय तुझी." मीही तेच धरून चालले. पण त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पेशंट तपासताना मी दोनदा मागे वळून बघितलं. हे मात्र मला कळत होतं.

सोनईला माझी आत्या राहते. माझे वडील मी आईच्या पोटात असतानाच गेले. आई मला घेऊन नगरला आली, नोकरी केली, मला शिकवलं. वडिलांचं ती कधी बोलली नाही. घरात त्यांचा एकच फोटो होता, फोटो स्टुडिओत काढलेला, ताठ बसलेला. ते कॅनॉलवर पाणी प्यायला गेले आणि पाय घसरून पडले, एवढंच मला माहीत. आई गेल्यावर माझं सोनईला जाणं वाढलं. आत्या वडिलांहून मोठी. आता ऐंशीच्या पुढे आहे, काठी घेऊन चालते, पण नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी धड.

त्या शनिवारी मी एकटीच गाडी चालवत गेले. घोडेगावहून आत वळलं की शिंगणापूरची गर्दी लागते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना रसवंत्या आणि तेल, काळ्या बाहुल्या विकणारी दुकानं. त्यातून निघून सोनईला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. आत्याची वस्ती गावाबाहेर, कॅनॉलच्या जवळ.

चहा झाला. आत्या म्हणाली, "खांदा बरा हाय का आता? काय तो खेळ खेळतीस म्हनं तू. काठीनं गोटी मारायचा."

मी हसले आणि मोबाईल काढून व्हिडिओ लावला. तिला गंमत वाटेल म्हणून.

आत्यानं मोबाईल दोन्ही हातांत धरला. बघता बघता तिचे हात खाली मांडीवर आले. व्हिडिओ संपला तरी ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"पुन्यांदा लाव."

मी लावला. तिनं मान हलवली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे तुला कुनी शिकवलं?"

"शिकवलं नाही, आत्या. ही चूक आहे माझी. डोकं मागे वळतं, मला कळतच नाही."

"त्यालाबी कळायचं न्हाई."

"कुणाला?"

"तुझ्या बापाला. कुऱ्हाड वर नेली की असाच थांबायचा. असंच मागं बघायचा, अन् ओ द्यायचा. आमी हसायचो त्याला. कोन बोलावतंय रं, म्हनायचो. तर तो म्हनायचा, मला? कुनी न्हाई."

मी सुभेदारांना दिलेलं उत्तर शब्दाला शब्द तेच होतं. आणि त्या ताठ बसलेल्या फोटोपलीकडे मी वडिलांना कधी पाहिलेलं नव्हतं. ते चालायचे कसे, वळायचे कसे, मला दाखवणारं कुणीच नव्हतं.

"आत्या, ते गेले तेव्हा काय झालं होतं?"

ती बोलली ती सलग, जणू हे सांगायचं तिनं कधीपासून तयार ठेवलं होतं.

"बांधावरची बाभळ तोडत हुता. मी भाकर घिऊन गेल्ते. ऊन डोक्यावर आल्यालं. त्यानं कुऱ्हाड वर नेली, मागं बघितलं, ओ दिली. रोजचंच हुतं ते. पर त्या दिवशी फुडं म्हनला, आलो. कुऱ्हाड खाली ठिवली अन् निघाला कॅनॉलकडं. घाई न्हाई, काय न्हाई. सोयऱ्याकडं निघाल्यावानी चालला हुता. मला वाटलं, पल्याडच्या वावरातनं कुनी बोलावलं आसंल. मला हाक ऐकू आली न्हवती. मी फडकं सोडून त्याची वाट बघत बसले."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. "दुसऱ्या दिशी खालच्या गेटाला सापडला."

"मला तर पाणी प्यायला गेले असं सांगितलं होतं."

"समद्यांनी तेच ठरवलं. तुझ्या आईला म्या खरं सांगितलं हुतं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हनली, हे पोटातल्या लेकराला कदी सांगू नका." मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "भर दुपारी पयल्या हाकेला ओ दिऊ न्हाई बाई. आमच्यात बारक्या पोरालाबी म्हाईत हाय."

मी डॉक्टर आहे. मला असल्या गोष्टींचं भय वाटत नाही, असं मी स्वतःला तिथं ओट्यावर बसून सांगत होते. आत्या उठली आणि काठी घेतली.

"मला करून दाखव. मोबाईलात नगं. डोळ्यानं बघायचंय मला."

"आत्ता?"

"मंग कवा? मी काय लई दिस ऱ्हानार हाय का?"

माझ्या गाडीच्या डिकीत सात नंबरचा क्लब होता आणि दोन-चार बॉल होते. आम्ही घरामागच्या वावरात गेलो. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूचा गहू नुकताच निघालेला, जमीन मोकळी. समोर कॅनॉलचा भराव आडवा दिसत होता. ती बाभळ कधीच नाहीशी झाली होती, पण आत्या बांधाच्या एका ठरावीक जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "हितं हुती." ती निंबाच्या सावलीत पोतं टाकून बसली. वारा पडलेला होता, उसाचं पातंही हलत नव्हतं.

मी एका ढेकळावर बॉल ठेवला. पाय पक्के केले, दांडा सैल धरला. बॉलवर नजर लावली आणि मनाशी ठरवलं की आज डोकं हलू द्यायचं नाही. क्लब मागे नेला, वर नेला, आणि मारलं.

इतकं सुंदर मी त्याआधी कधी मारलं नव्हतं. बॉल क्लबच्या बरोबर मध्यावर बसला की हाताला जवळजवळ काही जाणवतच नाही, असं सुभेदार म्हणायचे. ते मला पहिल्यांदा कळलं. बॉल उंच चढला. तो कुठं गेला हे बघायला मी मान वर केली आणि ऊन थेट डोळ्यांत घुसलं.

मग मनगटात कळ आली.

आत्यानं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतली होती. पदर डोक्यावरून पडला होता, काठी कुठंच दिसत नव्हती, आणि ती तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. "पाय हलवू नको," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "हलवू नको. पाय हलवू नको."

मी कॅनॉलच्या भरावावर उभी होते. आवर्तन सुटलेलं होतं, कॅनॉल काठोकाठ भरून वाहत होता. गढूळ, वेगानं जाणारं पाणी. माझा एक पाय कॅनॉलच्या आतल्या सिमेंटच्या उतारावर टेकलेला होता.

"मी इथं कशी आले?"

"चालत आलीस. तू आले म्हनलीस, काठी खाली ठिवलीस अन् निघालीस."

आम्ही दोघी एकमेकींना धरून खाली उतरलो. वावरात क्लब पडलेला होता. पडलेला म्हणण्यापेक्षा नीट ठेवलेला, ढेकळाच्या कडेला, ओळीत. आणि ढेकळावर बॉल तसाच होता. मी त्याला हातही लावलेला नव्हता. मी वाकून तो उचलला तेव्हा माझे दात वाजायला लागले. उन्हानं तो चांगलाच तापला होता.

मी नवऱ्याला फोन केला. गाडी मी चालवणार नाही, येऊन घेऊन जा, एवढंच सांगितलं. तो येईपर्यंत आत्यानं माझ्या ओढणीचं टोक आपल्या मुठीत धरून ठेवलं होतं. पाणी प्यायला उठले तरी ती ते सोडेना. दोघी घरात, भिंतीला टेकून बसलो होतो. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली,

"आज मलाबी ऐकू आली."

"काय?"

"हाक. त्याच्या टायमाला आली न्हवती. आज आली."

ती खोटं बोलणारी बाई नाही. आणि मला पुढचं विचारायचं धाडस झालं नाही.

त्याच आठवड्यात मी माझ्याच मशीनमध्ये झोपले आणि स्वतःच्या मेंदूचा एमआरआय काढून घेतला. टेक्निशियन बाहेर गेल्यावर दार लावून मीच तो वाचला. गाठ नाही, व्रण नाही, काही नाही. अनेक वर्षं मी दुसऱ्यांचे मेंदू बघत आले, पण आपला स्वतःचा करड्या रंगात समोर लटकलेला बघणं निराळं. त्यात कुठंतरी ती जागा असणार होती, जिथून कुणीतरी हाक मारतं, आणि मला ती दिसत नव्हती.

पुण्याला माझ्या कॉलेजच्या वर्गातला एक मित्र मेंदूचा डॉक्टर आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "क्लब नको आणूस, माझं छत तुटेल." त्याच्याकडे डोक्याला चिकटवलेल्या वायरींचा तुरा घेऊन मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि हातात काठी धरून स्विंग केला. समोर कॅमेरा होता, शेजारी मेंदूतली वीज मोजणारं यंत्र. मला वाटलं काहीच घडलं नाही. मित्र यंत्राच्या पडद्यावरून मान वर करून म्हणाला, "कुणाला ओ दिलीस?"

ती फिट होती. हातपाय झाडणारी, तोंडाला फेस आणणारी नव्हे. मेंदूच्या एका कोपऱ्यात काही सेकंद वीज भरकटते, माणूस उभ्या जागी हरवतो. तो वळतो, बोलतो, चालतही जातो, आणि नंतर त्याला काही आठवत नाही. रिकामी राहिलेली जागा मेंदू आपल्या मनानं भरून काढतो. म्हणून मला तो ओरखडा दिसत राहिला, म्हणून तो न मारलेला बॉल आभाळात चढला. क्वचित एखाद्याला ठरावीक हालचालीनंच ती येते, आणि ती घराण्यात उतरू शकते. हे मित्रानं मला समजावलं. मलाही ते पुस्तकातून माहीत होतं, पण स्वतःच्या बाबतीत सुचलं नव्हतं.

"आणि ओ?" मी विचारलं.

"मेंदू काहीही करतो गं. माझा एक पेशंट शिट्टी वाजवतो. एक शर्टाची बटणं काढतो."

"आणि ती हाक जवळच्या दुसऱ्या माणसाला ऐकू आली तर?"

तो हसला. "मग त्या दुसऱ्या माणसाला घेऊन ये." मग माझा चेहरा बघून त्याचं हसू विरलं आणि तो गोळ्या लिहायला लागला.

गोळ्या सुरू झाल्या. गाडी चालवणं बंद झालं, क्लिनिकला नवरा सोडतो. दोन महिन्यांनी मी पुन्हा मैदानावर गेले. सुभेदारांना सगळं सांगितलं. ते टोपी काढून ऐकत होते. "मी तुम्हाला डोकं स्थिर ठेवा म्हणून बोलत होतो," एवढंच म्हणाले, आणि मग नेहमीपेक्षा माझ्या जरा जवळ उभे राहिले.

मी मारलं. व्हिडिओत डोकं जागेवर होतं. तोंड बंद, नजर बॉलवर. बॉल फार लांब गेला नाही, पण सरळ गेला. सुभेदारांचा चेहरा उजळला. नवऱ्यानं लांबून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर माझा स्विंग सुधारतच गेला. आता सुभेदार माझ्या मनगटांच्या मागे लागले आहेत.

फक्त एक गोष्ट मी त्यांना आणि नवऱ्याला सांगितलेली नाही. आधी बॅकस्विंगच्या टोकाला मला काहीच जाणवायचं नाही. आता जाणवतं. क्लब वर पोचतो, तिथं एक अगदी छोटी फट असते, आणि त्या फटीत मला पक्कं वाटतं की कुणीतरी आत्ताच बोलून थांबलंय आणि उत्तराची वाट बघतंय. मी बॉलकडे बघत राहते आणि क्लब खाली आणते.

दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर सोनईला गेले. तो बाहेर शेजाऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे उन्हात धरून बघत बसला होता. आत्या ओसरीत लसूण सोलत होती. मी तिला नवा व्हिडिओ दाखवला. तिनं हात पदराला पुसून मोबाईल घेतला आणि शेवटपर्यंत बघितला.

"ही तू हायेस," ती म्हणाली.

तिच्या आवाजात समाधान होतं, आणि थोडं आणखी काहीतरी. मग तिनं जुना लावायला सांगितला. तो तिनं दोनदा बघितला. भाऊ दिसायची तेवढी एकच जागा तिला उरली होती, हे मला तेव्हा कळलं. पण व्हिडिओतली मी डोकं मागे वळवायला लागले, तशी तिनं दोन्ही वेळा पडद्यावर तळहात ठेवला.

"ह्या गोळ्यांनी थांबलं म्हनं तुझं?"

"हो."

"रोज घ्यायच्या?"

"रोज. बहुतेक जन्मभर."

तिनं एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. "त्याच्या टायमाला मिळत हुत्या का असल्या गोळ्या?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण तिनं मला सगळं खरं सांगितलं होतं. "ह्याच नाही. पण दुसऱ्या होत्या. नगरला मिळाल्या असत्या."

लसणाची टरफलं तिच्या मांडीवर साठली होती. ती त्यांच्याकडे बघत बसली. "अन् आमी त्याला हसत ऱ्हायलो," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ सरकले. बाहेर नवऱ्याचा आवाज येत होता, तो शेजाऱ्याला जिना टाळायला सांगत होता. ऊन उतरायला लागलं होतं, निघायची वेळ झाली होती, आणि आत्ता विचारलं नाही तर पुन्हा कधीच विचारणार नाही, असं मला वाटलं.

"आत्या, त्या दिवशी वावरात तुला हाक ऐकू आली म्हणालीस. कुणाची होती?"

तिनं लसणाचं सुपडं बाजूला सारलं. माझ्याकडे बघितलं ते इतकं थेट, की मीच नजर खाली घेतली.

"ते मी कुनालाबी सांगनार न्हाई," आत्या म्हणाली. "तू गोळ्या चुकवू नको."

मी चुकवत नाही.